संगणक म्हणतो, ‘बॅकअप झाला नाही’. मग काय करायचे?



गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे. जळगावच्या पिंप्राळ्याहून एक भगिनी लिहितात, ‘मुलाने बाहेरची हार्ड डिस्क आणून दिली, बॅकअप लावून दिला आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला. आता दर रविवारी रात्री पडद्यावर लाल फुलीची चिठ्ठी येते. मी ती बंद करते नि झोपते. काही बिघडेल का?’ अमळनेरच्या भगिनींचा पापड-कुरडयांचा गृहोद्योग आहे. गिऱ्हाइकांची नावे, उधारी, जमा, सगळे संगणकात. त्यांचा बॅकअप सुरू होतो आणि अर्ध्यावर थांबतो. तिसरे पत्र धुळ्याच्या देवपुरातले. ‘सासूबाईंच्या आवाजातली आखाजीची अहिराणी गाणी मी तीन उन्हाळे त्यांच्याजवळ बसून भरून घेतली. चाळीसेक असतील. सासूबाई दिवाळीच्या आधी गेल्या. गाणी आता या एका संगणकात आहेत आणि तो तर बॅकअप होत नाही म्हणतो. ताई, काय करू?’

तिन्ही पत्रांचे उत्तर एकत्रच देते, पण सुरुवात शेवटच्या पत्रापासून करू. तिथे उशीर करून चालणार नाही.

आधी प्रत, मग दुरुस्ती

बॅकअप का होत नाही याचा शोध घ्यायला एक तास लागेल, नाहीतर चार दिवस. तोवर गाणी एकाच जागी ठेवू नका. हे वाचून झाले की संगणक सुरू करा. गाण्यांचे फोल्डर उघडा, सगळी गाणी निवडा आणि हाताने, साधी नक्कल करून, एका पेनड्राइव्हवर घाला. तो पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या संगणकावर, शेजारणीच्या असला तरी चालेल, लावून पाहा. पहिले, मधले आणि शेवटचे गाणे वाजते ना? मग आणखी एक प्रत नणंदेला नाहीतर जाऊबाईंना मोबाइलवर पाठवा. त्यांच्याही आईचा नि सासूचा आवाज आहे तो. त्या जपतील.

एवढे झाले की मग शांतपणे बिघाड शोधायला बसा. नळ गळत असला तर आधी खाली बादली ठेवतो, मग प्लंबरला बोलावतो. तसेच हे.

एक धोक्याची सूचना. संगणकातून किंवा डिस्कमधून टकटक, करकर असा आवाज येत असेल, किंवा एकेक फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असे समजा. अशा वेळी ‘तपासणी-दुरुस्ती’चे कोणतेही बटण दाबू नका. ती दुरुस्ती डिस्कला आणखी दमवते. सर्वांत मोलाचे आधी उतरवून घ्या आणि यंत्र बंद करा.

बॅकअप म्हणजे नेमके काय?

पुष्कळ जणींची समजूत अशी की बॅकअप म्हणजे सगळे आपोआप सुरक्षित झाले. तसे नसते. बॅकअपचे दोन प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला फायलींचा. यात फक्त तुमच्या वस्तू, म्हणजे फोटो, गाणी, हिशेब, पत्रे, यांची दुसरी प्रत होते. घरातली दागिन्यांची पेटी तेवढी उचलून माहेरी ठेवल्यासारखे. विंडोजमध्ये याला ‘फाइल हिस्टरी’ म्हणतात.

दुसरा संपूर्ण संगणकाचा, ‘सिस्टिम इमेज’. यात भिंती, दारे, चूल, भांडी यांच्यासकट सगळ्या घराचा साचाच काढला जातो. संगणक पार कोलमडला तर या साच्यावरून तो होता तसा उभा करता येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज सेव्हन)’ या नावाखाली हा प्रकार सापडतो. नाव जुने असले तरी विंडोज टेन आणि इलेव्हन या दोन्हींत तो आहे.

फसतो तो बहुधा हा दुसरा. घराचा साचा नाही निघाला तरी दागिन्यांची पेटी हलवता येते, हे मात्र विसरू नका. ‘सिस्टिम इमेज’ होत नाही म्हणून फोटोंचीही प्रत न काढणे म्हणजे पुरणाचे मांडे जमले नाहीत म्हणून घराला उपाशी ठेवण्यासारखे आहे.

फसण्याची कारणे, एकेक करून

लाल फुलीची चिठ्ठी आली की ती बंद करण्याआधी त्यातला मजकूर आणि आकडा वहीत उतरवून घ्या, किंवा मोबाइलने फोटो काढा. पुढे कोणाला दाखवायचे झाले तर अर्धे काम तिथेच होते. मग खालील क्रमाने पाहा. सोपे आधी, अवघड शेवटी.

१) डिस्क जोडलेली आहे का? हसू नका. झाडताना वायर सैल होते, मुले ती काढून दुसरेच काही लावतात. ‘धिस पीसी’ उघडा. तिथे बाहेरची डिस्क दिसते का? दिसत नसेल तर वायर बदलून पाहा, संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत लावून पाहा. दिसत असेल तर तिचे इंग्रजी अक्षर पूर्वीचेच आहे का पाहा. काल ‘ई’ होती ती आज ‘एफ’ झाली, तर काही बॅकअप कार्यक्रम ‘ई’लाच हाका मारत बसतात. अशा वेळी बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क नव्याने निवडून द्यावी.

२) जागा उरली आहे का? डिस्कच्या नावावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. गोल चकती जवळजवळ भरलेली दिसली तर कारण सापडले. दर आठवड्याची प्रत साठत गेली की मोठी डिस्कही भरते. ‘बॅकअप अँड रिस्टोअर’मध्ये ‘मॅनेज स्पेस’ असते. तिथून जुन्या प्रती काढता येतात, पण सर्वांत नवी धडकी प्रत राहू द्या. डिस्क विकत घेतानाच संगणकात भरलेल्या मालाच्या निदान दुप्पट घ्यावी. बरणी लोणच्यापेक्षा मोठी असावी लागते, तेल वर यायला जागा हवी.

३) डिस्कची मांडणी कोणती? अमळनेरच्या भगिनींनी हे नीट वाचावे. पेनड्राइव्ह आणि काही डिस्का ‘फॅट थर्टीटू’ नावाच्या जुन्या मांडणीच्या असतात. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. डिस्क ५०० जीबीची असली तरी नाही. संगणकाच्या बॅकअपची एकेक फाइल याहून कितीतरी मोठी असते, म्हणून काम अर्ध्यावर थांबते आणि आपण म्हणतो, जागा तर आहे! ‘प्रॉपर्टीज’मध्येच ‘फाइल सिस्टिम’ या ओळीत मांडणीचे नाव असते. विंडोजच्या संपूर्ण बॅकअपला ‘एनटीएफएस’ लागते. मांडणी बदलण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ‘फॉरमॅट’, आणि त्याने डिस्कवरचे सगळे पुसले जाते. तेव्हा आधी तिच्यावरचा माल दुसरीकडे हलवा, मगच त्या बटणाला हात लावा.

४) संगणक झोपी जातो का? बॅकअप रात्री अकराचा लावलेला आणि संगणक साडेदहालाच झोपतो, किंवा आपणच दिवे मालवताना मुख्य बटण बंद करतो. मग बॅकअप होणार कसा? पिंप्राळ्याच्या भगिनींच्या बाबतीत हे कारण असण्याचा संभव बराच आहे. वेळ बदलून घ्या. ज्या वेळी तुम्ही घरात वावरत असता अशी धरा. दुपारची जेवणे आटोपल्यावरची वेळ चांगली. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पॉवर’ या भागात, वीज जोडलेली असताना झोपू नये, असे सांगता येते.

५) वीज आणि उन्हाळा. आपल्या खान्देशात हे कारण विसरून चालत नाही. बॅकअप चालू असताना वीज गेली तर ती प्रत अर्धवट राहतेच, शिवाय डिस्कची मांडणीही बिघडू शकते. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा भर दुपारी बंद खोलीत तासन्‌तास डिस्क फिरवू नका. वर सांगितलेली दुपारची वेळ उन्हाळ्यात सकाळवर आणा. डिस्क गादीवर, उशीवर ठेवू नये. कडक पृष्ठावर, पंख्याखाली ठेवावी. धुळीसाठी वर फडके टाकायचे ते काम संपल्यावर, चालू असताना नाही.

६) ‘शॅडो कॉपी’ अडते का? हे जरा समजून घ्या, कारण चिठ्ठीत हा शब्द वारंवार येतो. संगणक चालू असताना त्यातल्या फायली सारख्या बदलत असतात. स्वयंपाक चालू असताना कोणी डब्यांतले जिन्नस मोजायला बसले तर मोजदाद कधी जुळेल का? म्हणून विंडोज एका क्षणाची स्थिती गोठवून धरते आणि त्या गोठवलेल्या चित्राची नक्कल करते. हे काम ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ नावाची सेवा करते. ती कोणी बंद करून ठेवली असेल, मूळ डिस्कवर मोकळी जागा फार कमी असेल, किंवा दोन निरनिराळे बॅकअप कार्यक्रम एकाच वेळी धावत असतील तर ती अडते. उपाय क्रमाने असे: संगणक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. मूळ डिस्कवरचा कचरा काढा, ‘रिसायकल बिन’ रिकामा करा. दुसरा बॅकअप कार्यक्रम असेल तर दोहोंपैकी एकच ठेवा. मग ‘सर्व्हिसेस’ची यादी उघडून त्या नावापुढे ‘डिसेबल्ड’ लिहिले आहे का पाहा; असेल तर ‘मॅन्युअल’ करा. यादीतल्या दुसऱ्या कोणत्याही ओळीला हात लावू नका.

७) पहारेकरीच अडवतो का? विषाणूंपासून राखण करणारा कार्यक्रम कधीकधी बॅकअपलाच चोर समजतो. विंडोजच्या सुरक्षा विभागात फोल्डरांवर पहारा ठेवण्याची एक सोय आहे. ती चालू असेल तर बॅकअपच्या कार्यक्रमाला परवानगी द्यावी लागते. पहारा कायमचा बंद करू नये.

८) डिस्कच आजारी आहे का? आवाज नाही, वेग ठीक आहे, पण बॅकअप दर वेळी एकाच ठिकाणी अडतो, असे असेल तर मोलाच्या फायलींची हाती प्रत काढून झाल्यावर ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’ खाली ‘चेक’ हे बटण दाबा. मूळ डिस्क आणि बाहेरची डिस्क दोन्ही तपासा. दोष सापडून दुरुस्त झाला आणि महिन्याभरात पुन्हा आला, तर त्या डिस्कवरचा विश्वास काढून घ्या.

या आठांतून काहीच सापडले नाही तर जाणत्या माणसाला बोलवा. मूळ डिस्कवर विंडोजने स्वतःसाठी राखलेला एक लहानसा कप्पा असतो. तो भरला तरी संपूर्ण बॅकअप अडतो. पण तो कप्पा वाढवणे हे घरी करण्याचे काम नव्हे. माणूस येण्यापूर्वी हाती प्रत झालेली असू द्या. आणि ‘फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल’ असे कोणी म्हणाले तर पहिला प्रश्न विचारा, ‘माझ्या फायली कुठे काढून ठेवल्यात? दाखवा.’ दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. यजमान किंवा मुलगा घरी नाही म्हणून संकोच करू नका. फायली तुमच्या आहेत.

हिरवी खूण आली, तरी चाखून पाहा

आता एक गोष्ट, जी फार थोड्या जणी करतात. ‘बॅकअप पूर्ण झाला’ अशी हिरवी खूण दिसली म्हणजे काम झाले, असे नाही. भाजीला मीठ घातले हे आठवते म्हणून आपण पाहुण्यांना न चाखता वाढतो का?

अमेरिकेतल्या पिक्सार या प्रसिद्ध चित्रपटसंस्थेत १९९८ साली जे घडले ते सांगण्यासारखे आहे. ‘टॉय स्टोरी टू’ हा मुलांचा चित्रपट संगणकावर तयार होत होता. कोणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला जाऊ लागला. बॅकअप होता, पण तो काढायला गेले तेव्हा कळले की तो बरेच दिवस नीट होतच नव्हता, आणि कोणी तपासूनही पाहिले नव्हते. चित्रपट वाचला तो गेलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. त्या नुकत्याच बाळंत झाल्या होत्या आणि बाळाजवळ राहून काम करता यावे म्हणून चित्रपटाची एक प्रत त्यांनी घरच्या संगणकावर नेली होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत ठेवून, अलगद कचेरीत आणला गेला. एवढ्या मोठ्या संस्थेचे काम शेवटी एका बाळंतिणीच्या घरातल्या प्रतीने तारले!

म्हणून महिन्यातून एकदा एवढे करा. बॅकअपमधून कोणत्याही तीन फायली, एक फोटो, एक गाणे, एक हिशेब, निवडून वेगळ्याच फोल्डरमध्ये परत काढा आणि उघडून पाहा. मूळ जागी काढू नका, नाहीतर जुनी प्रत नव्यावर बसेल. फाइल उघडली, गाणे शेवटपर्यंत वाजले, म्हणजे बॅकअप आहे. नाहीतर नुसती हिरवी खूण आहे.

त्याच वेळी आणखी एक पाहा. तुम्हांला जे जपायचे आहे ते बॅकअपमध्ये आहे का? ‘फाइल हिस्टरी’ ठराविक फोल्डरांचीच प्रत काढते: कागदपत्रे, चित्रे, संगीत, डेस्कटॉप वगैरे. आपल्याकडे तर ‘सी’ भरेल म्हणून लग्नाचे फोटो ‘डी’मध्ये ठेवायची पद्धत. ते फोल्डर यादीत घातलेले नसेल तर वर्षानुवर्षे बॅकअप यशस्वी होतो आणि लग्नाचे फोटो त्यात नसतात. देवपूरच्या भगिनींनी गाण्यांचे फोल्डर यादीत आहे का, हे आवर्जून पाहावे.

प्रती किती आणि कुठे?

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम जगभर मानला जातो: तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. म्हणजे मूळ संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी बहिणीच्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. चोरी, आग, पाणी, यांत घरातल्या दोन्ही प्रती एकदम जाऊ शकतात. म्हणून ती तिसरी.

इंटरनेटवर ‘गूगल ड्राइव्ह’मध्ये १५ जीबी आणि ‘वनड्राइव्ह’मध्ये ५ जीबी जागा फुकट मिळते. गूगलच्या १५ जीबीत तुमच्या ई-मेल आणि फोटोही मोजले जातात, त्यामुळे ती केव्हा भरली ते कळत नाही आणि नवे फोटो वर जाणे मुकाट्याने थांबते. ही फसगत घराघरांत होते. शिवाय, ही साठवण संगणकाशी जुळवून ठेवलेली असली तर इथे पुसले की तिथेही पुसले जाते. ३० दिवसांच्या आत तिथल्या कचरापेटीतून परत मिळते, त्यानंतर नाही. म्हणून इंटरनेटवरची प्रत ही तिसरी प्रत समजा, एकुलती एक नव्हे.

बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा. ‘सेफली रिमूव्ह’ म्हणून, मगच वायर ओढा. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले होते. असा विषाणू शिरला की तो जोडून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप घालतो. कपाटातल्या डिस्कला घालू शकत नाही. आणि पेनड्राइव्ह हे नेण्या-आणण्याचे साधन आहे. वर्षानुवर्षे त्यावरच ठेव ठेवू नये.

ज्यांच्याकडे अजून विंडोज टेन आहे त्यांनी ध्यानात घ्यावे की कंपनीने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. इलेव्हनवर जायचे ठरवाल तर आधी तपासलेला बॅकअप हवाच. नव्या संगणकांत डिस्कला आपोआप कुलूप असते. त्याची ४८ आकडी किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा. किल्ली नसली तर चांगली डिस्कही उघडत नाही.

एवढा खटाटोप कशाला?

एका भगिनीने विचारले आहे, ‘आमच्यासारख्या बायकांच्या संगणकात असते काय एवढे जपण्यासारखे?’

याचे उत्तर आपल्या जळगावातच आहे. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी गाणी सुचत आणि त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती कागदावर टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण मधला काळ ध्यानात घ्या. ते हस्तलिखित हरवले असते, त्याला कसर लागली असती, तर? जी टिपली गेली ती आपल्यापर्यंत आली. जी जात्याच्या घरघरीबरोबर विरून गेली, ती कोणालाही परत काढता यायची नाहीत.

धुळ्यालाही हेच दिसते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून, घराघरांच्या माळ्यांवरची जुनी दप्तरे गोळा करीत. त्यांतले किती कागद त्यांनी छापून काढले! १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. छापणे म्हणजे तरी काय? एका कागदाच्या हजार प्रती करणे. मूळ कागदाला वाळवी लागली तरी मजकूर राहतो. लोकांच्या माळ्यांवरचे ते कागदही घरच्यांना बिनमोलच वाटत होते, बरं का!

तेव्हा आपल्या संगणकात काय आहे ते कमी लेखू नका. कापड दुकानाची उधारी असो, बाळाच्या लशींची नोंद असो, की सासूबाईंची गाणी. देवपूरच्या भगिनींना आणखी एक सांगणे: प्रत्येक गाण्याच्या फाइलला नाव देताना गाणे कोणी म्हटले, कोणत्या गावचे, कोणत्या सणाचे आणि तारीख घाला. आणि सवडीने एकेक गाणे ऐकून वहीत उतरवा. अडलेला शब्द गावातल्या एखाद्या जुन्या आजींना विचारा. त्या आहेत तोवरच विचारता येईल. कागदाची वही हीसुद्धा एक प्रत आहे, आणि तिला वीज लागत नाही.

वहीतले पान

पुढील ओळी स्वयंपाकघरातल्या वहीत उतरवून घ्या:

दर आठवड्याला: डिस्क लावणे, बॅकअप पूर्ण झाल्याची खूण पाहणे, डिस्क काढून कपाटात.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी: तीन फायली परत काढून उघडून पाहणे. मोकळी जागा पाहणे. इंटरनेटवरची साठवण भरली का पाहणे.

दर आखाजीला आणि दर दिवाळीला: एक पूर्ण प्रत माहेरी किंवा बहिणीकडे नेणे, तिथली जुनी परत आणणे. नाहीतरी जायचे असतेच!

चूक दाखवणारी चिठ्ठी आली तर: आकडा लिहून घेणे, हाती प्रत काढणे, मग आठ कारणे क्रमाने.

पिंप्राळ्याच्या भगिनींनी रविवारी चिठ्ठी बंद न करता तिच्यातला मजकूर आम्हांला जसाच्या तसा कळवावा. अमळनेरच्या भगिनींनी डिस्कची मांडणी कोणती निघाली ते लिहावे. पुढील अंकी: मोबाइल बदलताना जुन्या मोबाइलमधले फोटो नव्यात कसे आणावेत, आणि जुना विकण्यापूर्वी त्यातले सारे कसे पुसावे.